एक बाई, सहा घरं आणि एकच रकाना

तिला सगळे काजबटण म्हणायचे. शर्टाच्या कारखान्यात तिने अकरा वर्षं काजं पाडली आणि बटणं लावली, तेव्हा नाव चिकटलं ते चिकटलंच. कारखाना एक दिवस गाशा गुंडाळून दुसऱ्या गावाला गेला. मशिनं गेली, मुकादम गेला, नाव मागे राहिलं. पुढे घरकामगार बायकांच्या संघटनेत ती कॉम्प्युटरवर बसायला लागली तरी हाक तीच: "ए काजबटण, माझं कार्ड झालं का गं?"

संघटनेचं ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. जिना इतका अरुंद की दोघी समोरासमोर आल्या तर एकीला परत फिरावं लागे, आणि कोणी फिरायचं यावर जिन्यातच जुंपायची. वर दोन टेबलं, एक पंखा आणि लाथ मारल्याशिवाय दार न उघडणारं एक कपाट. संघटनेच्या अध्यक्षबाईंनी चाळीस वर्षं लोकांची भांडी घासली होती आणि त्यातूनच ही संघटना उभी केली होती. त्यांचा आवाज असा की वर त्या "चहा!" म्हणाल्या की खाली दुकानदाराच्या हातातला पाना पडायचा.

आधी तिथे एक कॉम्प्युटरवाला होता. त्याला बरी नोकरी लागली, तो गेला. जाताना चौसष्ट पानांची एक पुस्तिका टेबलावर ठेवून गेला. कामगार खात्याने सगळ्या संघटनांना पाठवलेली. वर लिहिलं होतं, 'एक्सएमएलद्वारे माहितीची देवाणघेवाण'. अध्यक्षबाईंनी ती उघडली, दोन पानं उलटली आणि काजबटणच्या पुढ्यात टाकली.

"तुला टायपिंग येतं. म्हणजे हेही येईल."

"मावशी, टायपिंग वेगळं, हे वेगळं."

"दोन्ही बोटांनीच करायचं ना? मग!"

झालं. नेमणूक झाली.

भानगड अशी होती. बायकांच्या नोंदी कोणी वहीत ठेवायचं, कोणी कॉम्प्युटरवर, कोणी फक्त डोक्यात. शहरात अशा चाळीस संघटना, चाळीस तऱ्हा. खात्याच्या कॉम्प्युटरची एक्केचाळिसावी. आता खात्याने ठरवलं होतं की कागद घेणार नाही. प्रत्येक संघटनेने आपल्या बायकांची माहिती ठरलेल्या साच्यात बसवायची आणि इंटरनेटवरून थेट खात्याच्या कॉम्प्युटरला द्यायची. त्या देवाणघेवाणीच्या खिडकीला म्हणायचं वेब सर्व्हिस. खिडकीतून फाइल आत गेली आणि मान्य झाली की बाईला कार्ड. कार्ड असलं की दवाखाना, आठवड्याची सुट्टी, आणि घरवाल्यांनी काढायचं म्हटलं तर एक महिना आधी सांगायचं बंधन. पण हे बंधन कोणावर? तर कार्डावर ज्या घराचा पत्ता आहे त्याच्यावर. हे लक्षात ठेवा, सगळं रामायण यावरूनच झालं.

दहावी झालेल्या, इंग्रजीशी जेमतेम तोंडओळख असलेल्या बाईने ती चौसष्ट पानं कशी वाचली असतील? तर एक-एक ओळ, पेन्सिलीने, कारखान्यात सुई ओवायची तशी जीभ दाताखाली धरून. तिसऱ्या दिवशी ती एकदम हसायलाच लागली. एवढंच होतं होय! प्रत्येक माहितीला कंसात नाव देऊन उघडायचं, आत माहिती लिहायची, मग तेच नाव तिरक्या रेघेसकट लिहून बंद करायचं. 'बाई' उघडायची. तिच्या आत 'नाव' उघडायचं, बंद करायचं. 'जन्मतारीख' उघडायची, बंद करायची. 'घर' उघडायचं, बंद करायचं. आणि शेवटी 'बाई' बंद. आतलं आधी मिटायचं, बाहेरचं नंतर. जितकी काजं तितकी बटणं. एक बटण राहिलं तर मुकादम अख्खा शर्ट तोंडावर फेकायचा, इथे कॉम्प्युटर अख्खी फाइल फेकतो.

तिचा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. त्याला तिने हे घरी समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्या लिफ्टचं तेच. दार नीट बंद झाल्याशिवाय हलत नाही."

"अहो, पण लिफ्ट सांगते का कुठलं दार?"

"नाही. ते आम्हालाच प्रत्येक मजल्यावर जाऊन बघावं लागतं."

"हे सांगतं! ओळ नंबर सांगतं!"

यंत्राची ही गोष्ट तिला फार आवडली. उर्मट होतं, पण लपवाछपवी नव्हती. 'ओळ २१८ चूक' म्हणायचं, आणि ओळ दोनशे अठरावर चूक असायचीच. आयुष्यभर ज्या ज्या ऑफिसात ती गेली तिथे साहेब लोक नुसतं "अर्ज बरोबर नाही" म्हणून कागद सरकवायचे. काय बरोबर नाही, ते विचारलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. या यंत्राइतकं सरळ उत्तर तिला खुर्चीवरच्या कोणी दिलं नव्हतं.

अर्थात सरावाच्या फाइलींत यंत्रानेही तिला रडवलं. एका घराच्या पत्त्यात दुकानाच्या नावात 'आणि'च्या जागी इंग्रजीतलं ते गाठ मारल्यासारखं चिन्ह होतं. एक्सएमएलमध्ये त्या चिन्हाला स्वतःचा वेगळा अर्थ असतो, ते असं उघडं टाकलं की फाइल फुटते. त्या एका गाठीने तिचे दोन दिवस खाल्ले. सापडलं तेव्हा ती इतक्या जोरात ओरडली की खालून दुकानदार धावत वर आला. त्याला वाटलं, शॉक बसला.

तिच्या घरात आणखी एक माणूस होतं, आणि ते महत्त्वाचं माणूस. तिची सासू. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरणारे, जीभ धारदार, आणि कामाला सहा घरं. तिचा दिवस घड्याळावर चालायचाच नाही, घरांवर चालायचा. "आई, औषध कधी घेतलंत?" तर म्हणायची, "दुसरं घर झाल्यावर." "पाऊस कधी लागला?" "चौथ्या घरात फरशी पुसत होते तेव्हा." सूनही हळूहळू तसंच बोलायला लागली होती. संघटनेच्या बाकीच्या बायकाही तशाच. कोणाची तीन घरं, कोणाची पाच, एकीची तर आठ. एका घरात भागतंय अशी बाई शोधून सापडली नसती.

काजबटणने पहिली खरी फाइल बनवली ती सासूचीच. बाई उघडली, नाव, जन्मतारीख, मग घर, घर, घर, घर, घर, घर, आणि बाई बंद. सगळी बटणं जागच्या जागी. पाठवली. उत्तर आलं: 'ओळ ९: येथे घर चालणार नाही.'

ओळ नऊ म्हणजे दुसरं घर. तिने पुस्तिका चाळली. शेवटच्या पानांवर साच्याचे नियम होते. खात्याच्या भाषेत त्याला स्कीमा म्हणायचं. काय लिहायचं, कोणत्या क्रमाने लिहायचं, किती वेळा लिहायचं, सगळं त्यात. 'घर'समोर लिहिलं होतं, कमीत कमी एकदा, जास्तीत जास्त एकदा.

ती घरी गेली आणि सासूसमोर बसली.

"आई, एकच घर सांगा."

"कशाला?"

"खात्याला एकच लागतं."

"आणि उरलेल्या पाच घरी मी हवा खायला जाते का?"

"मी म्हणत नाही हो, स्कीमा म्हणतोय."

"कोण हा? त्याच्या घरी कोण भांडी घासतं विचार त्याला." सासूने गुडघ्याला मलम चोळता चोळता तिच्याकडे पाहिलं. "हे बघ. दुसऱ्या घराचं नाव घातलं तर बाकीची पाच मोकळी. आणि दुसऱ्या घरातल्या बाईने उद्या काढलं की माझं कार्डही गेलं. पाच घरं झाडत असून मी घरकामगार नाही! हे कुठलं शहाणपण?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जी येईल ती हेच बोलली. तीनशे बारा बायका, तीनशे बारा तोंडं. एकच घर सांगायला एकही तयार नव्हती. आणि त्यांचं चूक काय होतं?

आता काजबटणने जे केलं ते कारखान्यात काम केलेल्या बाईलाच सुचावं. तिथे एक शर्ट चार टेबलांवरून फिरायचा. कॉलर एकीकडे, बाह्या दुसरीकडे, काजं तिसरीकडे, इस्त्री चौथीकडे. प्रत्येक टेबलाची वेगळी चिठ्ठी. शर्ट एक, चिठ्ठ्या चार, आणि कोणाच्या बापाची तक्रार नव्हती. तिने तोच हिशेब लावला. एका फाइलीत एका बाईला एकच घर चालतं ना? ठीक आहे. घरागणिक एक चिठ्ठी. सासूचा नंबर सतरा, तर सतरा-अ पहिल्या घरी, सतरा-आ दुसऱ्या घरी, असं करत सतरा-ऊपर्यंत. तीनशे बारा बायकांच्या तिने चौदाशे सात चिठ्ठ्या केल्या, आणि पाठवल्या.

'स्वीकारले: १४०७. नाकारले: ०.'

ती खुर्चीतून उठून अध्यक्षबाईंच्या गळ्यातच पडली. आणि पंधरा दिवसांत खात्याकडून पत्र! 'आपल्या संघटनेच्या सदस्यसंख्येतील उल्लेखनीय वाढीबद्दल अभिनंदन. आपण आता शहरातील सर्वांत मोठी संघटना आहात.' ही वाढ कुठून आली ते काजबटणच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. पण अध्यक्षबाईंनी पत्राला काच लावून ते भिंतीवर टांगलंही होतं. सगळ्या संघटनांच्या बैठकीत त्यांनी ते वाचून दाखवलं, दोनदा. पुलापलीकडच्या संघटनेच्या अध्यक्षा नेहमी नाक मुरडून बसायच्या. त्यांचा चेहरा कसा झाला होता याची नक्कल अध्यक्षबाईंनी पुढचे आठ दिवस जिन्यातून येणाऱ्या प्रत्येकीला करून दाखवली.

मग एका सोमवारी सकाळी काजबटणने तीन नव्या बायकांची फाइल पाठवली, आणि खिडकी बंद.

'सेवा स्थगित. कारण: दुबार नोंदी. सर्व नोंदी रद्द.'

खात्याने नाव, जन्मतारीख आणि फोन नंबर एकमेकांशी ताडून पाहिले होते. एकच बाई सहा वेळा, दुसरी आठ वेळा. नोंदणीची मुदत संपायला नऊ दिवस राहिले होते. त्या नऊ दिवसांत काही झालं नाही तर तीनशे बाराच्या तीनशे बारा बायका वर्षभर कार्डाविना.

काजबटणच्या तोंडचं पाणी पळालं. तिने आधी स्क्रीनला शिव्या दिल्या, मग खात्याला. स्वतःच्या चुकीवर यायला तिला एक कप चहा लागला. मग ती अध्यक्षबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, आपण चौदाशे सात नाही आहोत."

"मग किती आहोत?"

"तीनशे बारा. आधी होतो तेवढ्याच. मी प्रत्येकीला घरागणिक मोजलं."

अध्यक्षबाईंनी भिंतीवरच्या काचेकडे पाहिलं. आवाज फुटला तो अगदी बारीक, आणि त्यांचा बारीक आवाज ऐकून काजबटणला जास्तच भीती वाटली.

"आणि हे मी दोनदा वाचून दाखवलं."

"हो."

"त्या पुलापलीकडच्या भवानीसमोर."

"हो, मावशी."

"जा खात्यात. चूक तुझी आहे, तूच जा. आणि रडत जाऊ नकोस, भांडत जा."

सासूला कळलं तेव्हा तिने पाचव्या घरी निरोप पाठवला की आज येत नाही, आणि चपला घातल्या. "माझी सहा घरं आहेत, मी येणार," एवढंच बोलली. नाही म्हणायची कोणाची छाती होती!

खात्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच त्यांना अडवणारा भेटला. काचेमागे बसलेला, समोर घंटी.

"वेळ घेतली आहे का?"

"नऊ दिवस आहेत आमच्याकडे," काजबटण म्हणाली. "त्यातला अर्धा तास तुमच्या स्कीमावाल्या साहेबांना देते म्हणा."

"असं भेटता येत नाही. तुम्ही कॉम्प्युटरच्या कंपनीकडून आलात का?"

"संघटनेकडून. फाइल मी पाठवते."

त्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग सासूकडे. "तुम्ही पाठवता?"

"का? फाइल पाठवायला काय दाढी लागते?" सासू म्हणाली.

रांगेतले दोघे हसले. काचवाल्याने फोन उचलला.

तिसऱ्या मजल्यावर एका कोपऱ्यात साच्याचे साहेब बसायचे. वय पस्तिशीचं, खांदे पुढे आलेले, टेबलावर तीन स्क्रीन आणि एक सुकलेलं सँडविच. माणूस वाईट नव्हता. तीन वर्षं त्याने चाळीस संघटनांच्या चुका पाहिल्या होत्या, आणि प्रत्यक्षात बाई एकही पाहिली नव्हती.

"तुम्हीच त्या चौदाशे सातवाल्या?" तो म्हणाला. "हे फसवणुकीत येतं, माहीत आहे?"

काजबटणच्या कानशिलांतून वाफ निघाली. पण चूक तिची होती, आणि ते आधी बोलून टाकायचं हे तिने जिना चढतानाच ठरवलं होतं. "चूक माझी. संघटनेची नाही, बायकांची नाही. मी एकीच्या सहा चिठ्ठ्या केल्या. फसवायचं असतं तर नाव बदललं नसतं का? सगळीकडे तेच नाव, तोच फोन. नंबर सुद्धा सतरा-अ, सतरा-आ. इतका बावळट चोर तुम्ही पाहिलाय?"

साहेबाला नाही म्हणावं लागलं.

"तुमच्या साच्यात दुसरं घर बसत नाही. म्हणून केलं."

"एका व्यक्तीला एक कामाचं ठिकाण. सगळीकडे असंच असतं. कारखान्यात, दुकानात..."

"कारखान्यात अकरा वर्षं होते मी, साहेब. तिथे एकच असतं, कबूल. ही कारखान्यात नाही," तिने सासूकडे बोट दाखवलं, "ही सहा घरांत आहे. तुमच्या घरी कोणी येतं का कामाला?"

"येते एक बाई. सकाळी."

"आणि नंतर?"

"नंतर... आमच्याच इमारतीत आणखी दोन घरी. पुढे कुठे जाते, माहीत नाही."

"तिने वरच्या मजल्याचं नाव घातलं, तर तुमच्या फाइलीप्रमाणे तुमच्या घरचा केर आपोआप निघतो. भांडी स्वतःची स्वतः आंघोळ करतात."

सासू खुदकन हसली. साहेबही हसला, पण लगेच गंभीर झाला. त्याने सांगितलं ते खोटं नव्हतं. स्कीमामध्ये 'एकदा'च्या जागी 'कितीही वेळा' लिहिणं म्हणजे एका शब्दाचं काम. पण तो शब्द बदलला की मागच्या सगळ्या तक्त्यांत घरासाठी वेगळा तक्ता करावा लागणार, कार्ड छापणारा प्रोग्राम बदलावा लागणार, आणि तपासण्या परत. "तुमच्या एका संघटनेसाठी मी हे वर मागू शकत नाही. बाकी एकोणचाळीस जणांची काहीच तक्रार नाही. त्यांच्या फाइली बिनबोभाट जातात."

"दाखवा."

"काय?"

"बिनबोभाट गेलेल्या. नावं नकोत, नुसतं घर दाखवा."

नावं झाकून नुसतं घर दाखवायला काय हरकत, म्हणून असेल, किंवा त्यालाही बघायचं होतं म्हणून असेल, त्याने नावं लपवून घरांचा तेवढा रकाना स्क्रीनवर काढला. आणि मग तिघेही पुढे वाकून बघायला लागले.

एका संघटनेने एकाच पत्त्यात चार पत्ते स्वल्पविराम देऊन कोंबले होते, चौथा मध्येच तुटला होता. एकीने सगळ्यांसमोर लिहिलं होतं 'इतर'. एकीने लिहिलं होतं 'सर्वत्र'. एका संघटनेने सरळ 'सांगता येत नाही' लिहून दिलं होतं, आणि खात्याने ते घर म्हणून मान्य केलं होतं. मग एक यादी आली, त्यात दोनशे तीन बायका, आणि दोनशे तिघींचं घर एकच.

"दोनशे बायका एकाच घरात?" साहेब पुटपुटला. "एवढं मोठं घर आहे कुठे?"

काजबटणने पत्ता वाचला आणि तोंडावर हात ठेवला. तो पुलापलीकडच्या संघटनेच्या अध्यक्षांच्या स्वतःच्या घराचा पत्ता होता. दोन खोल्यांचं घर.

"राजवाडा आहे, साहेब," ती म्हणाली. "सकाळी दोनशे जणी झाडू घेऊन रांगेत उभ्या असतात."

साहेबाने चष्मा काढून डोळे पुसले. हसून पाणी आलं होतं.

"यात कोणीच बदमाश नाही हो," काजबटण म्हणाली, आता जरा खालच्या पट्टीत. "चाळीस जणी चाळीस तऱ्हेने एकच गोष्ट सांगतायत. तुमच्या साच्यात आमची बाई मावत नाही. मी जरा जास्त मोठ्याने सांगितलं, एवढंच."

साहेबाने तो रकाना पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत सरकवला. मग म्हणाला, "तुमची सोडून निम्म्या संघटनांचं लेखी पत्र आणा. वीस. परवा संध्याकाळच्या आत. मग मी वर बोलतो. आणि चाचणीला माणूस नाही माझ्याकडे, ते तुम्हाला करावं लागेल."

"करते."

"चुकीच्या फाइली पाठवून बघाव्या लागतील. मुद्दाम चुकीच्या."

"त्यात माझा हात धरणारं कोणी नाही," ती म्हणाली.

वीस पत्रं म्हणजे निदान वीस फोन. सतरा संघटना ऐकताक्षणी हो म्हणाल्या, बऱ्याच जणींना वाटत होतं की साच्यात न बसणाऱ्या आपण एकट्याच. दोघींनी कुरकुर करून पत्र दिलं. एकोणीस झाली. विसावी राहिली ती पुलापलीकडची. दुसरी कोणी शहरात फोन उचलत नव्हती.

काजबटणने फोन अध्यक्षबाईंपुढे सरकवला. "मावशी, हे मला जमणार नाही. हे तुमचंच."

अध्यक्षबाईंनी आधी उठून भिंतीवरची काच उतरवली, कपाटाला लाथ मारली, काच उलटी करून आत ठेवली. मग नंबर लावला.

"मी बोलते. हो, तीच. ऐक, ते चौदाशे सात खोटं होतं. आम्ही तीनशे बाराच आहोत. हस, हस पोट भरून, मी थांबते." पलीकडचं हसणं खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं. अध्यक्षबाईंनी फोन कानापासून लांब धरला. तो आवाज ओसरल्यावर गोड आवाजात म्हणाल्या, "आता तू सांग. तुझ्या दोन खोल्यांत दोनशे बायका कशा मावतात गं?"

मग त्या बाईंना पुन्हा हसू फुटलं, आणि इकडे यांनाही. दोघी फोनवर मिनिटभर नुसत्या हसत होत्या. पत्र तासाभरात आलं, स्वतः त्याच घेऊन आल्या, जिना चढून, आणि अर्ध्या जिन्यात अध्यक्षबाई उतरताना समोर आल्या, तर मागे कोण फिरलं? अध्यक्षबाई. असं त्या जिन्यात आजवर घडलं नव्हतं.

वरून मंजुरी आली, स्थगितीही उठली, ते कसं जमलं हे साहेबाने कधी सांगितलं नाही. पुढचे तीन दिवस काजबटण खात्यात तिसऱ्या मजल्यावर एका हलणाऱ्या खुर्चीत बसली. तिने यंत्राला छळलं. घर उघडून बंदच केलं नाही. बाईच्या आत बाई घातली. शून्य घरं दिली, साठ घरं दिली. जन्मतारखेत तिने उद्याची तारीख टाकली, तर यंत्राने मुकाट्याने घेतली, आणि साहेबाचे डोळे पांढरे झाले. तीन वर्षं ही चूक कोणाच्या लक्षात आली नव्हती. शेवटच्या दिवशी तो तिला 'मॅडम' म्हणाला. ती म्हणाली, "मॅडम नको, आमच्यात मॅडम म्हणजे जिच्या घरी काम करतो ती. ताई म्हणा."

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात बायका, खाली सायकलींमध्ये बायका. काजबटणने फाइल शेवटची एकदा वाचली. तीनशे बारा बायका, नव्या तीन धरून तीनशे पंधरा. प्रत्येकीच्या पोटात तिची सगळी घरं. पाठवली.

यंत्र विचार करत होतं तेवढा वेळ अध्यक्षबाईसुद्धा गप्प होत्या.

'स्वीकारले: ३१५. नाकारले: ०.'

"पुन्हा शून्य?" अध्यक्षबाई संशयाने म्हणाल्या. "मागच्या वेळीही शून्यच होतं."

"या वेळी खरं आहे, मावशी."

"कशावरून?"

काजबटणने सासूची नोंद उघडून दाखवली. बाई एक. घरं सहा. तेव्हा कुठे अध्यक्षबाईंनी आवाज सोडला, आणि खाली दुकानदाराने पाना आपणहून खाली ठेवला.

कार्डं तीन आठवड्यांनी आली. सासूने आपलं कार्ड दोन्ही हातांत धरलं, लांब नेलं, जवळ आणलं. मागच्या बाजूला सहा पत्ते एकाखाली एक छापलेले होते. ती सहाही घरी जाऊन ते दाखवून आली. पहिल्या पाच घरांत कोणी काही बोललं नाही. सहाव्या घरातली बाई म्हणाली, "आमचा पत्ता कशाला घातलास?" सासू म्हणाली, "केर तुमचाच काढते ना? मग पत्ता कोणाचा घालू?" त्या बाईने कार्ड परत दिलं आणि विचारलं, आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी घेणार.

हे सगळं संध्याकाळी साग्रसंगीत सांगून झाल्यावर सासूने कार्ड सुनेच्या हातात दिलं आणि बोट ठेवलं.

"चुकलंय हे."

काजबटणने कार्ड दिव्याखाली धरलं. "काय चुकलं?"

"हे तिसरं लिहिलंय ना, ते दुसरं आहे. आणि दुसरं तिसरं. आधी भांडीवाल्या घरी जाते मी, मग फरशीवाल्या."

"आई, कार्डावर क्रम कसाही असला तरी चालतो."

"तुला चालतो. मला नाही चालत. उद्या कोणी विचारलं, दुसऱ्या घरात काय करतेस, तर मी काय सांगू, फरशी? भांडी करते मी दुसऱ्या घरात."

नवरा कोपऱ्यात लिफ्टचा स्क्रू साफ करत बसला होता. त्याने मान वर केली नाही, पण खांदे हलत होते.

काजबटणने कार्ड पुन्हा पाहिलं. म्हातारीचं खरं होतं. पुस्तिकेत घरांना क्रमांक द्यायची सोयच नव्हती, खात्याचा कॉम्प्युटर मनाला येईल तशी घरं लावत होता. ती उठली, टेबलावरून वही ओढली आणि साच्याच्या साहेबांना पत्र लिहायला बसली.

"काय लिहितेस?" सासूने विचारलं.

"घराला नंबर हवा म्हणून."

"आणि लिही, घाई नाही म्हणावं," सासू म्हणाली, कार्ड उशीखाली सारत. "पण पुढच्या वर्षी बरोबर पाहिजे."